आपल्या नगरातील मोकळ्या जागांची हकीगत

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्याच, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. परंतु गेल्या नवरात्रात घडलेली एक लहानशी गोष्ट मनातून जात नव्हती. तिच्यामुळेच हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावेत.

आपला भोंडला वर्षानुवर्षे शेजारच्या वसाहतीतील मोकळ्या जागेत होत असे, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच. मध्ये पाट, पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर आणि कडेला खिरापतीचे झाकलेले डबे. गेल्या वर्षी सामान घेऊन गेलो, तो तेथे नवे फाटक आणि फाटकाशी वॉचमन. मुलगा अदबीचा होता. त्याने एवढेच विचारले, "मावशी, कोणाकडे जायचंय?" आम्ही वीसपंचवीस जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कारण आम्हांला कोणाकडेच जावयाचे नव्हते! शेवटी एका सभासद भगिनीच्या इमारतीखाली, दोन मोटारींच्या मधल्या पट्टीत भोंडला उरकला. फेर गोल काही झाला नाही.

मागाहून चौकशी केली, तेव्हा समजले की ती जागा त्या वसाहतीच्या मंजूर नकाशात रहिवाशांसाठी सोडलेली आहे. म्हणजे फाटक घालण्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. मग इतकी वर्षे आपण तेथे कोणत्या हक्काने जात होतो? ह्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले आणि जे प्रत्यक्ष पाहिले, ते येथे मांडते.

आपले चिंचवड पवनाकाठचे जुने गाव. मोरया गोसावींची समाधी, घाट आणि मंगलमूर्ती वाडा ही गावाची खूण. अशा गावात बायकांच्या बसण्या-बोलण्याच्या जागा ठरलेल्या असत. चावडी पुरुषांची, पारही बहुतेक वेळ पुरुषांचाच. बायकांच्या वाट्याला पाणवठा, धुण्याचा घाट, देवळाचा सभामंडप, वटपौर्णिमेचा वड आणि मंगळागौरीला किंवा भोंडल्याला कोणाच्या तरी वाड्याचा चौक. ह्यांतील पाणवठा गावाचा, देऊळ देवस्थानचे, वड कोणाच्या तरी बांधावरचा आणि चौक तर सरळसरळ खाजगी. पण त्या त्या दिवशी तेथे जाण्याला कोणाची परवानगी काढावी लागत नसे. मालकी एकाची आणि वहिवाट सर्वांची, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार आपल्याकडेच होता असे नव्हे. इटलीतील जांबात्तिस्ता नोल्ली ह्याने १७४८ साली रोम शहराचा एक मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात घरे काळी आणि रस्ते पांढरे दाखविले आहेत. परंतु चर्चचे गाभारे, कित्येक वाड्यांतील चौक आणि ओवऱ्या ह्याही त्याने रस्त्यांप्रमाणे पांढऱ्याच ठेवल्या. जेथे माणूस सहज आत शिरतो ती जागा पांढरी, मग उतारा कोणाच्याही नावे असो. आपल्या जुन्या चिंचवडचा असा नकाशा कोणी काढला असता, तर त्यातही कितीतरी वाड्यांचे चौक पांढरे निघाले असते.

परंतु भगिनींनो, जुन्या काळाची ही बाजू सांगताना दुसरी झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्वांची वहिवाट म्हणताना त्या 'सर्वां'त गावातील कित्येक माणसे धरलेलीच नव्हती. ज्या पाणवठ्याच्या आठवणी आपल्या आज्या कौतुकाने सांगत, त्याच पाणवठ्यापासून दूर उभे राहून कोणी पाणी घालते का म्हणून वाट पाहणाऱ्याही आज्याच होत्या. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. हौद खाजगी, पण त्या दिवसापासून तो गावातील इतर कोणत्याही हौदापेक्षा अधिक सार्वजनिक झाला.

ह्याच्या नेमके उलट महाडला घडले. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही स्थाने अस्पृश्यांना मोकळी असावीत, असा श्री. सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा गावात मारहाण झाली. पुढे काही मंडळी कोर्टात गेली. तेथे त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाही, ते खाजगी आहे! दहा वर्षे हा दावा चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला. ही हकीगत मी मुद्दाम सांगितली. एखादी जागा खाजगी आहे असे कोणी म्हणू लागला, की ती कोणासाठी बंद करावयाची आहे, हे आधी पाहावे, एवढे महाडने आपणांस शिकविले आहे.

आता आपल्या नगरीकडे वळू. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि तिच्या रस्त्यांवर मोठी बाजारपेठ उभी राहिली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ साली महानगरपालिका.

ह्या सर्वांसाठी जमीन लागली, ती शेतकऱ्यांची आणि गावांची. माळ, गायराने, ओढ्याकाठच्या वाटा ह्या कागदावर नसलेल्या वहिवाटीच्या जागा तेव्हाच गेल्या. ज्यांची शेते प्राधिकरणात गेली त्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत राहिला, हे आपणांपैकी अनेकींना घरच्याच अनुभवाने माहीत आहे. मात्र एक गोष्ट खरी की, घेतलेल्या जमिनीतून नव्या मोकळ्या जागाही आखल्या गेल्या. प्राधिकरणाच्या पेठांत मैदाने, बागा आणि शाळांचे भूखंड सोडण्यात आले. कारखान्यांच्या वसाहतींतही मैदाने होती आणि तेथे गणपती, नाटके, खेळ चालत.

कारखान्याच्या वसाहतीवरून अमेरिकेतील एक खटला आठवतो. अलाबामा राज्यातील चिकसॉ हे संबंध गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे होते. रस्तेही कंपनीचेच. ग्रेस मार्श नावाच्या एका बाईने पोस्टाजवळच्या पदपथावर धर्मपत्रके वाटली म्हणून तिला पकडण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४६ साली निकाल तिच्या बाजूने लागला. मालक आपली जागा लोकांच्या वापरासाठी जितकी खुली करील, तितके त्याच्या मालकीला लोकांच्या हक्कांचे बंधन पडते, असा त्या निकालाचा आशय होता. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण विचार करण्याजोगा आहे.

पुढची तीस वर्षे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. १९९७ साली आसपासची गावे महापालिकेत आली. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ साली १७ लाख २७ हजारांवर गेली. बैठी घरे जाऊन मोठमोठी संकुले झाली आणि प्रत्येकाला भिंत, फाटक आणि वॉचमन आला. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वसाहत करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी, असा सध्याच्या नियमावलीत दंडक आहे. म्हणजे मोकळी जागा सुटते, पण फाटकाच्या आत. नकाशात हिरवा ठिपका दिसतो, रस्त्याने जाणाऱ्याला मात्र भिंतच दिसते. आपल्या भोंडल्याची जागा ह्याच प्रकारची. आणखी मोठ्या भूखंडांतून 'सुविधा भूखंड' म्हणून जो भाग सोडावा लागतो, तो मात्र गावाच्या उपयोगाचा. ह्या दोहोंतील फरक प्रत्येक भगिनीने लक्षात ठेवावा.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या जागाही आपोआप सुरक्षित राहतात असे नाही. २०२१ साली पुणे महानगरपालिकेत सुविधा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावरून मोठा वाद झाला. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट तर सर्वांना धडा देणारी आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश गृहनिर्माणाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया ह्यांच्या समितीने १९९६ साली सर्व गिरण्यांचा एकत्र विचार करून सलग बागा आणि रस्ते काढण्याची योजनाही दिली. परंतु २००१ साली नियम बदलला: पूर्वीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचीच काय ती वाटणी, बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका दुरुस्तीने शेकडो एकरांचा हिशेब फिरला.

आपल्याकडेही जुन्या कारखान्यांच्या जागी आज संकुले आणि मॉल उभे आहेत. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससह चार सरकारी औषध कंपन्यांची जादा जमीन विकून देणी फेडण्याचा निर्णय घेतला. कंपनीची देणी फिटली पाहिजेत, कामगारांचे पगार झाले पाहिजेत, ह्यात शंका नाही. तथापि जनतेच्या पैशाने घेतलेली जमीन विकली जाते, तेव्हा तिच्यातील किती जागा लोकांच्या पायांखाली राहणार, हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे.

चाकणकडे पाहावे तर चित्र आणखी विलक्षण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढविलेला संग्रामदुर्ग ह्या गावचा. आज त्याच परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने आहेत. कारखान्याच्या कुंपणाआत हिरवळ, झाडे, स्वच्छ पदपथ. कुंपणाबाहेर महामार्ग, कंटेनर आणि धूळ. पाळीला जाणाऱ्या मुली पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. त्यांना बसावयास एक कट्टा किंवा उन्हापावसात एक छप्पर सहसा मिळत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, आमच्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही फाटके घालतो, त्यात काय चुकले? ही भीती खोटी नाही. सार्वजनिक बागेतील मोडके बाक, बंद दिवे आणि कुलूप घातलेली स्वच्छतागृहे पाहून माणूस फाटकाच्या आत पळतो. परंतु दोन्ही बाजूंना उंच भिंती झाल्या, की मधला रस्ता ओसाड होतो. जेन जेकब्ज ह्या अमेरिकन विदुषींनी १९६१ सालीच दाखवून दिले की रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः त्याच्यावर असणाऱ्या नजरांमुळे: खिडक्या, दुकाने, ओट्यावर बसलेली माणसे. आपण आपली घरे सुरक्षित करताना आपल्याच मुलीचा संध्याकाळी क्लासहून येण्याचा रस्ता असुरक्षित केला, असे तर झाले नाही ना?

आणि ह्यात बायकांचे नुकसान सर्वांत आधी होते. पुरुष पानाच्या ठेल्यापाशी, चौकात, गाडीला टेकून तासभर उभा राहिला तर त्याला कोणी काही विचारीत नाही. बाईने मात्र हातात पिशवी, बरोबर मूल किंवा देवदर्शनाचे निमित्त घेऊनच बाहेर पडावयाचे. शिल्पा फडके, समीरा खान आणि वास्तुशिल्पज्ञ शिल्पा रानडे ह्या तिघींनी मुंबईत संशोधन करून २०११ साली ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. काही कामाशिवाय, सहज म्हणून बाहेर असण्याचा हक्क स्त्रीला हवा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मॉलमध्ये बायका निर्धास्त फिरतात हे खरे. पण तेथेही पिशवी तपासूनच आत सोडतात, आणि भाजीवाली मावशी तेथे टोपली टेकून विसावा घेऊ शकत नाही. "कोणाकडे जायचंय?" हा प्रश्न तेथे कोणी तोंडाने विचारीत नाही, एवढेच.

मग उपाय काय? इमारती बांधणाऱ्यांनी मनात आणले तर पुष्कळ करता येते, आणि आपल्याच प्रांतात ते झालेले आहे. मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६ साली नियम झाला की प्रत्येक मालकाने तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने कमानींची ओवरी ठेवावी. इमारत ज्याची त्याची, घडण ज्याच्या त्याच्या आवडीची, पण ओवरी पादचाऱ्यांची. सव्वाशे वर्षे झाली, मुंबईकर पावसात त्याच ओवरीतून कोरडे चालत आहेत. दादरचे मैदान १९२५ साली झाले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. त्या मैदानाभोवती उंच भिंत नाही, बसता येईल असा बुटका कट्टा आहे. हद्द तर दाखविली गेली, पण त्याच हद्दीवर आजोबा, कॉलेजच्या मुली आणि फिरावयास आलेल्या बायका बसतात.

न्यूयॉर्क शहराने १९६१ साली बिल्डरांना सवलत दिली की खाजगी जागेत लोकांसाठी चौक सोडा आणि बदल्यात जादा मजले बांधा. चौक तर झाले, पण कित्येक ओसाड पडले. विल्यम व्हाइट ह्यांनी ते तासन्‌तास पाहून निष्कर्ष काढला, तो आपल्या आजीनेही सांगितला असता: जेथे बसावयास जागा असते तेथे माणसे बसतात! १९७५ साली त्या शहराने नियमात बसण्याच्या जागेचे मापच घालून दिले.

आपल्याकडे कुंपणाची भिंत रस्त्याच्या बाजूस साधारण दीड मीटरच असावी, त्याहून उंच केल्यास वरचा भाग जाळीचा असावा, असा नियम आहेच. तो पाळला तरी रस्त्याला डोळे येतील. त्याच भिंतीला बाहेरून हातभर रुंदीचा कट्टा काढावयास खर्च किती? संकुलाची मोकळी जागा पाठीमागे न ढकलता रस्त्याला लागून आखली, तिच्यात एक पार आणि एक नळ ठेवला, दिवसा फाटक उघडे आणि रात्री बंद ठेवले, तर रहिवाशांची मालकी जात नाही आणि शेजाऱ्यांची वहिवाटही राहते. मोठ्या संकुलाच्या मधून पायवाट सोडली, तर शाळेतल्या मुलांचा वळसा वाचतो. चाकणसारख्या ठिकाणी कारखान्याने आपल्या कुंपणाचा एक कोपरा आत घेऊन बाहेर छप्पर, बाक आणि स्वच्छतागृह दिले, तर पाळीच्या मुलींचे आशीर्वाद मिळतील. पिंपळे सौदागर येथे महापालिकेने रस्त्याच्या कडेला जी लांबट बाग केली आहे, ती संध्याकाळी जाऊन पाहावी. जागा फार लागत नाही, कल्पना लागते.

तथापि केवळ कट्ट्याने भागणार नाही. कायद्याची साथ हवी. बंगळूर येथे बागेसाठी राखलेली जागा खाजगी इस्पितळाला देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले. ते टिकले नाही, कारण बाग नकाशात होती आणि नकाशा वाचणारी माणसे होती. आपल्या महापालिकेचा सुधारित विकास आराखडा मे २०२५ मध्ये प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला आणि लोकांच्या हरकती-सूचना मागविण्यात आल्या. आपल्या मंडळाने किती पाठविल्या? एकही नाही. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, मीही त्यांतलीच.

म्हणून माझी मंडळापुढे तीन कामांची सूचना आहे. येत्या वर्षात आपण आपल्या प्रभागातील प्रत्येक मैदान, बाग आणि सुविधा भूखंड पायी फिरून पाहावा, आणि तो नकाशात कशासाठी आहे व प्रत्यक्षात काय आहे, ह्याची वही करावी. दुसरे, ज्या भगिनी आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी भिंत दुरुस्तीला निघेल तेव्हा बाहेरच्या कट्ट्याचा विषय सभेपुढे ठेवावा. तिसरे, शेजारच्या वसाहतीच्या कमिटीला रीतसर पत्र लिहून भोंडल्याचे नऊ दिवस जागा मागावी आणि त्यांच्या घरच्या मुलींना व बायकांना आग्रहाचे निमंत्रण द्यावे. त्यांच्यातल्या कित्येकींनी भोंडला पाहिलेलाही नसेल.

ह्या तिसऱ्या कामाला मी सुरुवात केली आहे. पत्राचा मसुदा चिटणीसबाईंकडे दिला आहे. परवा त्या फाटकावरून जाताना तोच वॉचमन भेटला. मी त्याला गावाकडची चौकशी केली, तर मूळचा लातूरकडचा निघाला. त्याची आईही भुलाबाईची गाणी म्हणते असे म्हणाला. यंदा परवानगी मिळाली, तर खिरापतीचा पहिला वाटा त्याचा.